वाचकांचे प्रश्न : नाव बेळगावचं, बाजार परदेशातला

मागच्या अंकात आपल्या मालाच्या नावाचं भारतात रजिस्ट्रेशन कसं करायचं ते लिहिलं होतं. त्यावर बेळगाव, खानापूर, निपाणी, अथणी सगळीकडून पत्रं आली आणि बहुतेकांचा पुढचा प्रश्न एकच, की ताई इथलं झालं, पण माल बाहेर चाललाय, तिथलं काय? म्हणून यावेळचा अख्खा कॉलम त्यालाच दिलाय. धंद्याच्या गोष्टी आहेत, त्यामुळे नावं कुणाचीच छापत नाही, फक्त गाव.

प्रश्न : ताई, आमचा घरगुती मसाल्याचा उद्योग आहे. संकेश्वरी मिरचीची चटणी आणि कांदा-लसूण मसाला चांगला चालतो. नणंद दुबईला असते, तिच्या ओळखीतला एक सुपरमार्केटवाला म्हणतोय की दर महिन्याला माल पाठवा, लायसन, नाव, लेबल, इकडचं सगळं मी बघतो. आपला ट्रेडमार्क भारतात रजिस्टर झालाय, सर्टिफिकेट पण आलंय. मग अजून काही करायला पाहिजे का? (शहापूर)

उत्तर : वहिनी, "इकडचं सगळं मी बघतो" हे वाचलं आणि माझ्या पोटात गोळाच आला, का ते सांगते.

माझ्या मावसभावाचं लोणचं होतं. आखातातल्या एका डीलरला तो अडीच वर्षं माल पाठवत होता, विश्वासावर, कागद असा काही नाहीच. पुढे डीलर पैसे उशिरा द्यायला लागला म्हणून भावानं दुसरा बघितला, आणि पंधरा दिवसांत पहिल्याची वकिलाकडून नोटीस आली की या देशात हा ब्रँड माझ्या नावावर आहे, तुम्ही दुसऱ्याला माल देऊ शकत नाही. अर्जात जे लेबल जोडलं होतं ना, ते भावाच्या मुलीनं बारावीच्या सुट्टीत काढलेलं चित्र होतं! ते चित्र त्या कागदावर दुसऱ्याच्या नावाखाली बघितल्यावर ती पोरगी रडली, मी तिथे होते. शेवटी भावानं त्या देशापुरतं नाव बदललं, म्हणजे अडीच वर्षांत लोकांच्या तोंडी बसलेलं नाव सोडून परत शून्यापासून.

मूळ गोष्ट अशी की ट्रेडमार्क हा त्या त्या देशापुरताच असतो. तुमचं सर्टिफिकेट भारतात पक्कं आहे, विमान उडालं की त्याची हद्द संपली. आणि दुसरी गोष्ट, जी लोकांना माहितीच नसते, ती म्हणजे आपल्याकडच्या १९९९ च्या कायद्यात जो आधीपासून वापरतोय त्याला मान आहे, रजिस्ट्रेशन नसलं तरी कलम ३४ खाली त्याचा हक्क टिकतो. पण अमिरात, चीन असे कितीतरी देश आहेत जिथे मुख्यतः बघतात की अर्ज पहिला कुणी केला. तुम्ही वीस वर्षं विकत असाल शहापुरात, तिथल्या ऑफिसला त्याच्याशी देणंघेणं नाही.

डीलरनं असं केलं तर अगदीच मार्ग नाही असं नाही. पॅरिस करार म्हणून १८८३ चा आंतरराष्ट्रीय करार आहे, भारत त्यात १९९८ साली आला. त्यात स्पष्ट लिहिलंय की एजंटनं मालकाच्या परवानगीशिवाय स्वतःच्या नावावर मार्क घेतला तर मालक विरोध करू शकतो किंवा तो रद्द करून मागू शकतो. पण त्यासाठी तो तुमचा एजंट होता हे सिद्ध करावं लागतं, आणि भावाकडे होतं काय, व्हॉट्सॲपवरचे "पाठवा", "पोचलं", एवढंच. तिथल्या वकिलाची फी ऐकूनच त्यानं नाद सोडला.

तेव्हा पहिला बॉक्स जायच्या आधी अर्ज, हा क्रम सोडू नका. अर्ज तुमच्या नावानं, डीलरच्या नाही, तो कितीही भला माणूस असूदे. त्याच्याशी दोन पानांचा करार करा आणि त्यात घाला की नाव, लेबल, चित्र सगळं उत्पादकाचं, डीलर स्वतःच्या नावावर कुठेही अर्ज करणार नाही, त्या नावाची वेबसाईट किंवा दुकानाचं लायसन काढणार नाही आणि करार संपला की वापर बंद. नणंदेला वाईट वाटेल म्हणून कागद टाळू नका, उलट कागद असला की नणंद मधे सापडत नाही.

अमिरात आता माद्रिद पद्धतीत आहे, डिसेंबर २०२१ पासून, म्हणजे इथे बसूनच अर्ज होतो, ते कसं ते खालच्या उत्तरात वाचा. ओमान आणि बहारीन आधीपासून आहेत, कतार २०२४ मधे आलं. फी मात्र अमिरातीची बरीच जड आहे, ती आधी विचारून घ्या.

अजून एक, सर्टिफिकेट आलंय म्हणून डब्यावर गोलातला आर छापला असेल, तो भारतातल्या डब्यावर ठीक आहे. जिथे रजिस्ट्रेशन नाही त्या देशात तो छापला तर काही ठिकाणी तो गुन्हा धरतात. तिथे जाणाऱ्या लेबलवर तोपर्यंत नुसतं टीएम लिहा.

प्रश्न : मॅडम, उद्यमबागला आमची फौंड्री आहे, आता कास्टिंगबरोबर स्वतःच्या ब्रँडचे पंप पण काढलेत. जर्मनी, इंग्लंड आणि अमेरिकेतून इन्क्वायरी आहे. एक जण म्हणतो माद्रिदमधून करा स्वस्त पडतं, एक म्हणतो प्रत्येक देशात वकील लावा. खर्च किती, वेळ किती, कशात धोका आहे ते स्पष्ट सांगा. (उद्यमबाग, बेळगाव)

उत्तर : दोघंही बरोबर आहेत, तुमच्या इथल्या अर्जाची तब्येत कशी आहे त्यावर ठरतं.

माद्रिद म्हणजे स्पेनला जायचं नाही. जिनिव्हाला वायपो नावाची संयुक्त राष्ट्रांची संस्था आहे, ती ही पद्धत चालवते, आणि भारत तिच्यात ८ जुलै २०१३ ला आला. एकच अर्ज, एकच भाषा, आपल्याकडून इंग्लिश, आणि त्यात पाहिजे तेवढ्या सदस्य देशांवर टिक करायची. अर्ज आपल्याच ट्रेडमार्क रजिस्ट्रीच्या वेबसाईटवरून ऑनलाइन जातो, कागदावर घेतच नाहीत. रजिस्ट्री तो तपासून, भारतातल्या मार्कशी जुळतो असं सर्टिफाय करून जिनिव्हाला पाठवते. रजिस्ट्रीची हाताळणी फी ५,००० रुपये. जिनिव्हाची बेसिक फी ६५३ स्विस फ्रँक, लोगो रंगीत असेल तर ९०३. त्यावर प्रत्येक देशाची वेगळी, काही देशांना १०० फ्रँक पुरतात आणि अमेरिका, युरोपियन युनियन, इंग्लंड हे स्वतःची वेगळी फी घेतात. वायपोच्या साईटवर फी कॅल्क्युलेटर आहे, देश आणि क्लास, म्हणजे मालाच्या प्रकाराचा ठरलेला नंबर, टाकले की त्या दिवसाचा आकडा येतो, कुणाच्या तोंडी हिशोबावर जाऊ नका. रंगाचा आग्रह नसेल तर इथला मूळ अर्जच काळ्या-पांढऱ्यात टाका, तिथेच २५० फ्रँक वाचतात.

देश टिक केले म्हणजे मार्क मिळाला असं नाही हं. जिनिव्हा फक्त नोंद करते आणि पुढे पाठवते, मंजूर करायचं की नाही ते प्रत्येक देशाचं ऑफिस आपापल्या कायद्यानं ठरवतं, त्यांना १२ महिने असतात आणि बरेच जण १८ घेतात. हरकत आली तरच तिथला वकील लावायचा, नाही आली तर बहुतेक ठिकाणी वकिलाशिवाय काम होतं. खरी बचत ती हीच.

आता धोका. माद्रिदचा अर्ज तुमच्या भारतातल्या अर्जावर किंवा रजिस्ट्रेशनवर टेकलेला असतो आणि पहिली ५ वर्षं तो त्याच्यावरच अवलंबून. त्या ५ वर्षांत इथला मार्क रिजेक्ट झाला, कुणी विरोध करून पाडला, किंवा त्या मुदतीत सुरू झालेल्या केसमधे नंतर गेला, तर बाहेरचे सगळे देश एका दमात जातात. ऊस मुळापासून उपटला की सगळी पेरं गेली, तसं. त्यावर उपाय म्हणून ३ महिन्यांत प्रत्येक देशात साधा अर्ज करून जुनी तारीख टिकवता येते, पण मग खर्च दुप्पट.

म्हणून मी पहिल्यांदा विचारते की इथली फाईल कुठल्या स्टेजला आहे. रजिस्टर झालेली असेल तर डोळे झाकून माद्रिद. अर्ज नुसता टाकलाय आणि परीक्षण अहवालात सारख्या नावाची हरकत आलीय, तर ज्या देशात खरा धंदा होणार तिथे थेट अर्ज केलेला बरा, तुमच्या बाबतीत मी अमेरिका म्हणेन. अमेरिकेत थेट अर्जाला बाहेरच्या माणसानं तिथलाच वकील लावायचा असा नियम २०१९ पासून आहे, त्यामुळे खर्च होतो, पण इथल्या फाईलची टांगती तलवार नाही.

सहा महिन्यांची गोष्ट पण लक्षात ठेवा. भारतात अर्ज केल्यापासून ६ महिन्यांच्या आत बाहेर केला तर पॅरिस कराराखाली तिथेही भारतातलीच तारीख लागते. मधल्या काळात तिथे कुणी घुसला तरी तुम्ही त्याच्या आधी. सहा महिने आणि एक दिवस झाला की हे गेलं, म्हणून इथला अर्ज करतानाच पुढचे देश ठरवून ठेवा.

तुमच्या तीन देशांबद्दल. जर्मनीसाठी नुसती जर्मनी घेण्यापेक्षा युरोपियन युनियन घ्या, एका फीमधे २७ देश येतात, फक्त एखाद्या देशातल्या जुन्या मार्कवरून कुणी विरोध केला तर सगळं अडतं, म्हणून आधी सर्च करा. इंग्लंड त्यात आता नाही, २०२१ पासून ते वेगळं टिक करायचं, हे विसरणारे मी खूप बघितलेत. अमेरिकेसाठी अर्जाबरोबर एमएम १८ नावाचा फॉर्म लागतो, त्यात आम्ही हा मार्क तिथे खरंच वापरणार आहोत असं लिहून द्यायचं असतं, आणि मग पाचव्या ते सहाव्या वर्षात वापराचा पुरावा द्यायचा, नाही दिला तर मार्क रद्द. तिथे गेलेल्या पंपाची इन्व्हॉइस, नावाच्या प्लेटचा फोटो, हे पहिल्या दिवसापासून फाईलला ठेवा.

क्लास नीट बघा. कच्चं कास्टिंग क्लास ६ मधे जातं आणि पंप क्लास ७ मधे. इथला अर्ज फक्त ६ मधे केला असेल तर माद्रिदमधे ७ मागता येत नाही, इथे जे आहे त्याच्या पलीकडे बाहेर जाताच येत नाही. तुमचा जुना मार्क कास्टिंगचा असणार असं मला वाटतंय, म्हणजे पंपासाठी आधी इथेच नवा अर्ज.

प्रश्न : मॅडम, आमचं मिठाईचं दुकान आहे. कुंद्याच्या डब्यावर वर कन्नडमधे, मधे मराठीत आणि खाली इंग्लिशमधे नाव आहे, शेजारी वाड्याच्या दरवाजाचं चित्र. मुलगा सिंगापूरला आहे, तिथे आणि अमेरिकेत माल पाठवायचा विचार आहे. यातलं नेमकं काय रजिस्टर करायचं? वडिलांचा हट्ट आहे की मराठी नावच रजिस्टर करायचं. (खडेबाजार, बेळगाव)

उत्तर : दादा, या प्रश्नावर मला पानंच्या पानं लिहायची आहेत, कारण तीन लिप्यांत जगणाऱ्या आपल्या गावाइतका हा घोळ दुसरीकडे क्वचितच कुणाला पडतो, आणि बहुतेक जण तो अख्खा डबाच स्कॅन करून अर्जाला जोडून सोडवतात. मग पुढे अडकतात.

का, तर माद्रिदमधे बाहेरचा मार्क आणि भारतातला मार्क हुबेहूब एक लागतो. डबा रजिस्टर केलात तर बाहेरही तोच डबा, तीन लिप्या आणि दरवाजासकट. सिंगापूरला मुलगा म्हणाला की इथे नुसतं इंग्लिश नाव आणि नवीन पॅकिंग करू, तर रजिस्ट्रेशन एका वस्तूचं आणि विकताय दुसरी असं होतं, आणि वापराचा पुरावा मागितला की पंचाईत.

माझा क्रम असा. पहिला अर्ज रोमन अक्षरातल्या नुसत्या नावाचा, चित्र नाही, रंग नाही, त्याला वर्ड मार्क म्हणतात. तो कुठल्याही वळणात लिहिला तरी चालतो आणि परदेशात जायला तोच पाया. दुसरा अर्ज देवनागरीतल्या नावाचा, आणि इथे मी वडिलांच्या बाजूनं आहे. तो हट्ट नाही. तुमचं गिऱ्हाईक ज्या अक्षरावरून डबा ओळखतं ते अक्षर मोकळं सोडलं तर उद्या गल्लीतलाच कुणी त्याच्यावर हात मारेल. कन्नड नावाचंही तेच, जिल्ह्यात निम्मं गिऱ्हाईक तेच वाचून घेतं. पैसे असले की दरवाजाच्या चित्राचा वेगळा अर्ज. उद्यम रजिस्ट्रेशन असेल तर भारतात ऑनलाइन अर्जाला क्लासमागे ४,५०० रुपये, नाहीतर कंपनीला ९,०००, म्हणजे लिप्या वेगवेगळ्या करणं काही डोंगर नाही.

देवनागरी मार्क बाहेर न्यायचाच असेल तर नेता येतो. अर्जात त्याचा उच्चार रोमन अक्षरात लिहून द्यावा लागतो, अर्थ विचारला तर तोही. पण सिंगापूरच्या गिऱ्हाईकाच्या डोळ्याला ते चित्रच, म्हणून बाहेर तो दुसरा, रोमन पहिला.

आता स्पेलिंग. हे ऐकायला बारीक वाटेल पण यावर भांडणं होतात. आपल्याकडे कन्नड वळणानं 'त' ला टीएच लावतात, पुण्यामुंबईकडे नुसता टी. 'व' ला कुणी व्ही लिहितं, कुणी डब्ल्यू. लक्ष्मी तर एक्सनं पण होते आणि के-एस-एच नं पण. तुमच्या पाटीवर एक, बिलावर दुसरं आणि इन्स्टाग्रामवर तिसरं स्पेलिंग असणार, मी पैजेवर सांगते. अर्जाच्या आधी घरातल्या सगळ्यांनी बसून एकच पक्कं करा आणि पाटीपासून बिलापर्यंत तेच ठेवा, कारण परदेशात पुरावा म्हणून हेच कागद जातात.

डब्यावरचा 'कुंदा' शब्द आणि 'बेळगाव' शब्द तुमच्या एकट्याचा होणार नाही, होऊही नये, तो सगळ्या गावाचा आहे. गावाचं नाव सरकारी कागदात १ नोव्हेंबर २०१४ पासून बेळगावी झालं, तुम्ही जुनं लिहा नाहीतर नवं, ट्रेडमार्कच्या दृष्टीनं दोन्ही नुसतं ठिकाण. तुमचं वेगळं म्हणजे त्याच्या आधीचं दुकानाचं नाव. पण उलटं एक होऊ शकतं, बाहेरच्या तपासनीसाला कुंदा हा पदार्थ आहे हे माहीत नसतं, तो एखाद्याला ते नाव देऊन बसेल. वायपोचा ग्लोबल ब्रँड डेटाबेस फुकट आहे, मुलाला सांगा सिंगापूर निवडून अधूनमधून बघत जा, कुणी केला असेल तर विरोधाला मुदत असते आणि ती फार लांब नसते.

अमेरिकेत अजून एक आहे, परभाषेतल्या शब्दाचा ते इंग्लिश अर्थ काढून बघतात. मिठाईला 'गोड' किंवा 'चविष्ट' असं नाव असेल तर आपल्याला वाटतं मराठी शब्द आहे, तिथे वेगळा वाटेल, पण ते म्हणतात हे तर मालाचं नुसतं वर्णन झालं, नाही मिळणार.

क्लास ३० मिठाईचा, दुधाचे पदार्थ २९ मधे, कुंद्याला दोन्ही घेतलेले बरे. आणि नाव रजिस्टर झालं म्हणजे माल उतरवायची परवानगी मिळाली असं समजू नका, दुधाच्या पदार्थाला प्रत्येक देशाचे आपले नियम असतात, ते काम एक्स्पोर्टवाल्याकडून वेगळं करून घ्या. कुंदा किती दिवस टिकतो ते मला सांगायला नको.

प्रश्न : ताई, आम्ही पिढ्यान्‌पिढ्या पायताणं करतो. कोल्हापुरीला जीआय (त्या भागातल्या मालाचं नाव राखणारी सरकारी नोंद) मिळालंय म्हणतात, मग इटलीच्या कंपनीनं तसलीच चप्पल दाखवली तेव्हा काहीच का झालं नाही? आणि आम्ही अथणीचे, आम्हाला कोल्हापुरी म्हणता येतं का? (अथणी तालुका)

उत्तर : येतं, हक्कानं येतं. २०१९ साली कोल्हापुरी चपलेला जीआय मिळालं ते महाराष्ट्र आणि कर्नाटक दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांना मिळून, आणि त्यात आठ जिल्हे आहेत, कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि इकडचे बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर. सीमेच्या दोन्ही बाजूंच्या कारागिरांचं नाव एका कागदावर आलं, मला ही फार मोठी गोष्ट वाटते.

पण जीआय सुद्धा भारतापुरतंच. जून २०२५ मधे मिलानच्या फॅशन शोमधे प्राडानं तसल्या चपला दाखवल्या, इथे ओरड झाल्यावर त्यांनी भारतीय पारंपरिक चपलेवरून प्रेरणा घेतली हे मान्य केलं. कायद्यानं बघायचं तर त्यांनी 'कोल्हापुरी' हे नाव वापरलंच नव्हतं, आणि जीआय नावाला असतं, अंगठ्याच्या पट्ट्याला किंवा वेणीला नाही. शिवाय इटलीत आपली नोंद नव्हती. १ डिसेंबर २०२५ पासून युरोपियन युनियनमधे हस्तकलेच्या वस्तूंसाठीही जीआय मागता येतं, बाहेरच्या देशातल्या उत्पादकांनाही ते दार उघडं आहे. हा अर्ज एका माणसानं करायचा नसतो, तो महामंडळांनी करायला पाहिजे, आणि तुमच्या सोसायटीनं तो विषय लावून धरला पाहिजे.

तुम्ही स्वतः करायचं ते दोन. जीआयचे अधिकृत वापरकर्ते म्हणून तुमची नोंद करून घ्या, महामंडळाकडे चौकशी करा. आणि घराण्याचं किंवा गटाचं वेगळं नाव काढून त्याचा ट्रेडमार्क क्लास २५ मधे करा. 'कोल्हापुरी' सगळ्यांचं, त्याच्यापुढचं नाव तुमचं. परदेशातलं गिऱ्हाईक दुसऱ्यांदा शोधत येतं ते त्या पुढच्या नावानं.

प्रश्न : दुकान बेळगावात, कारखाना शिनोळीत म्हणजे महाराष्ट्रात. अर्ज मुंबईला की चेन्नईला? भारतातला मार्क वडिलांच्या नावावर आहे, एक्स्पोर्टची कंपनी मी आणि भावानं वेगळी काढलीय, त्यानं काही फरक पडतो का? (टिळकवाडी)

उत्तर : पहिल्याचं सोपं आहे. कर्नाटक चेन्नई ऑफिसखाली येतं, महाराष्ट्र आणि गोवा मुंबईखाली. धंद्याची मुख्य जागा जिथे तिथलं ऑफिस, तुम्ही बेळगाव मुख्य दाखवलं असेल तर चेन्नई. सगळं ऑनलाइन आहे, हिअरिंग पण व्हिडिओवर होतं, त्यामुळे जास्त विचार करू नका.

दुसऱ्यानं मात्र फार फरक पडतो. माद्रिदचा अर्जदार आणि भारतातल्या मार्कचा मालक एकच लागतो. मार्क वडिलांचा आणि अर्ज तुमच्या कंपनीचा असं रजिस्ट्री सर्टिफायच करत नाही. एक तर वडिलांच्या नावानं बाहेरचा अर्ज करा आणि कंपनीला वापराचं लायसन द्या, नाहीतर आधी मार्क कंपनीच्या नावावर करून घ्या, असाइनमेंट डीड करून टीएम-पी फॉर्मनं नोंदवायचं. मी म्हणेन दुसरं करा, आणि वडील धडधाकट आहेत, समोर बसून सही करताहेत तोवर करा. नंतर भावाभावांत आणि बहिणींत वारसाचा प्रश्न आला की परदेशातला मार्क सगळ्यात आधी लटकतो, कारण त्याची मुदत दहा वर्षांनी संपते आणि नूतनीकरण कुणी करायचं यावरच घर भांडत बसतं.

प्रश्न : नेपाळला आमची तंबाखू जाते. नेपाळ माद्रिदमधे आहे का? (निपाणी)

उत्तर : नाही. काठमांडूला उद्योग विभागाकडे थेट अर्ज करावा लागतो, तिथला वकील लावून. तंबाखूचा क्लास ३४. नेपाळ जवळचं म्हणून लोक हलक्यात घेतात, आपल्या नावासारखी नावं तिथे आधीच असायची शक्यता मोठी असते, म्हणून सर्च आधी करून घ्या.

प्रश्न : मॅडम, मागच्या वर्षी माद्रिदचा अर्ज केला. आता युरोपातून इंग्लिशमधे एक पत्र आलंय, वर गरुडासारखा शिक्का, आमचा मार्क, नंबर, तारीख सगळं बरोबर लिहिलंय आणि प्रकाशनाची फी म्हणून बरीच मोठी रक्कम मागितलीय, दहा दिवसांत भरली नाही तर रद्द असा सूर आहे. भरायची का? (खानापूर)

उत्तर : भरू नका. हे फसवणुकीचं पत्र आहे. आंतरराष्ट्रीय मार्क जिनिव्हाच्या गॅझेटमधे छापून येतो, तो जगात कुणालाही बघता येतो, त्यातूनच तुमचं नाव, पत्ता, नंबर उचलून असली बिलं हजारोंना पाठवतात. सरकारी वाटावं असा शिक्का आणि घाईची तारीख, दोन्ही मुद्दाम. वायपोनं स्वतः याबद्दल साईटवर इशारा दिलाय आणि अशा पत्रांचे नमुने लावलेत, तुमचं त्यात सापडतंय का बघा.

खरी पत्रं कुठून येतात ते सांगते. जिनिव्हाची नोटीस तुम्ही अर्जात दिलेल्या ईमेलवर येते, आणि तुमच्या अर्जाची खरी अवस्था माद्रिद मॉनिटर नावाच्या त्यांच्या फुकट साईटवर नंबर टाकला की दिसते. तिथे फी बाकी दिसत नसेल तर कुणाचं काही देणं नाही. एखाद्या देशाची हरकत आलेली दिसली, तर त्याची मुदत मात्र खरी असते, ती चुकवू नका. हे पत्र फाडू नका, तुमच्या एजंटला दाखवा आणि ऑफिसात जो पोरगा बिलं भरतो त्यालाही दाखवून ठेवा, कारण पुढचं पत्र तुम्ही गावाला गेलेले असताना त्याच्याच हातात पडणार.